समुद्राकडे तोंड केलेलं गलबत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. आता सांगतोय ते कुणी पाठीवर हात ठेवावा म्हणून नव्हे — तो हात लांबच ठेवा.

ऐंशीच्या दशकात, रत्नागिरीत, माझ्या थोरल्या बहिणीचं — अक्काचं — लग्न ठरत आलं होतं. मुलगा दाभोळचा, बोटीवर नोकरीला. दिवाळीला त्याला बाजारातलं ग्रीटिंग नको, हातचं पाठवायचं, असं तिनं ठरवलं. निळ्या घोटीव कागदाच्या लाटा कापल्या, गडद, फिकी, मग त्याहून फिकी, आणि प्रत्येकीखाली पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून समुद्र उठावाचा केला. उजवीकडे जांभ्याच्या रंगाचा किनारा, त्यावर दीपस्तंभ. गलबत मात्र तिला ठशाचं हवं होतं. जुन्या स्लिपरच्या रबराचे ठसे मी बरे कोरायचो.

"बाबू, तू त्यांच्याकडे जाऊन आलायस. तोंड कुठे करू रे ह्याचं?"

हो, मी जाऊन आलो होतो — बाबांबरोबर, बोलणी करायला. त्यांच्या ओटीवर गलबतांची चित्रं होती आणि सगळ्यांची तोंडं घराच्या दाराकडे. मुलाच्या आईनं मला मुद्दाम सांगितलंन, "आमच्यात बाहेर निघालेलं गलबत कुणाला देत नाहीत हो. माणूस परत येत नाही म्हणतात. बहिणीला सांगून ठेव."

ठेवलं मी सांगून? मी म्हणालो, "समुद्राकडे कर. बोटीवरचा माणूस तो, खूश होईल."

"नाही झाला तर तुझे कान," ती हसली.

ठसा उलटा उमटतो. म्हणून रबरावर मी गलबत किनाऱ्याकडे तोंड करून कोरलं, जपून, शीड तुटू न देता. स्टॅम्पपॅडच्या जांभळ्या शाईवर टेकवून तिनं ते दाबलं, आणि कागदावर ते बाहेर निघालं.

का केलं? आई नव्हती, वय लहान — असलं काही म्हणणार नाही. कॉलेजात होतो, चांगला घोडा झालो होतो. अक्का गेली असती तर स्वयंपाक, बाबांचं पथ्य, धुणं, सगळं माझ्या गळ्यात आलं असतं. मला ते नको होतं. याहून मोठं कारण शोधू नका.

ग्रीटिंग परत आलं, निरोपासकट: लग्नाआधीच माझ्या मुलाला वाटेला लावलंन. स्थळ मोडलं. मग आळीत अक्काला अवलक्षणी म्हणू लागले. म्हणणाऱ्यांतले काही अजून आहेत — त्यांनी हे नीट वाचावं. अवलक्षण तिच्यात नव्हतं, ते शेजारी बसून रबर कोरत होतं. यापुढे नाव घ्यायचं तर माझं घ्या. आता कशाला उकरतोस, असंही म्हणाल. उकरणार.

गलबत असं काढायला कुणी सांगितलं, म्हणून बाबांनी विचारलं होतं. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "मलाच सुचलं," म्हणाली. मी तिनंच वाढलेला भात कालवत राहिलो.

तिचं लग्न पुढे झालंच नाही. बालवाडीत शिकवते. कागदकामाचा तास दुसऱ्या बाईंना देते.

तिला अजून वाटतं, मी नकळत चुकीचं सांगितलं. छापलेलं हे ती वाचेलही. ते मी सांगितल्यात धरत नाही. मला ठाऊक होतं — एवढं तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं सांगणं मी तिचं देणं लागतो.