चुडामण आबा मुळाला निघाला

लेक सासरी दिली म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिला आणायला माहेरचं माणूस गेलंच पाहिजे. याला मुळाला जाणं म्हणतात, जाणारा तो मुराळी, आणि मुराळ्याशिवाय आपली आपण आलेल्या लेकीकडे खानदेशातली कुठलीही गल्ली वेगळ्याच नजरेनं बघते. चुडामण आबाच्या घरी हे काम दीपकचं. मेघाचं लग्न झालं तेव्हापासून दर आखाजीला तो मोटरसायकल काढायचा, कुसुंब्याजवळच्या आपल्या खेड्यातून थेट पहूर गाठायचा आणि बहिणीला घेऊन यायचा. जाताना मिशीला पीळ आणि येताना बहिणीच्या शिव्या, कारण वाटेत उसाच्या रसाला थांबून तो हमखास उशीर करायचा.

यंदा त्या मोटरसायकलवर आबा बसला. दीपक होळीच्या आधीच गेला होता. गव्हाला पाणी द्यायला विहिरीवर गेला, मोटारीच्या पेटीला ओला हात लागला आणि संपलं. पंचविशीतल्या पोराची गोष्ट एवढ्या थोडक्यात सांगून होते, याचा आबाला भयंकर राग यायचा. पण सांगायला दुसरं काही नव्हतंच.

आणि हे मेघाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या वेळी तिचे दिवस भरत आलेले, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरनं पडून राहायला सांगितलेलं. आबाचा चुलतभाऊ कौतिक नाना, ज्याला दुसऱ्याच्या घरातले निर्णय घ्यायची भारी हौस, तो मातीवरून परत येतानाच म्हणाला, "पोरले आते काही सांगू नका. मोकळी व्हवू द्या पह्यले." जावई भूषण मातीला एकटाच येऊन गेला. दीपक सुरतला कामाला लागला, असं मेघाला सांगायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मेघा बाळंत झाली, मुलगी झाली. तेव्हा म्हणाले, सवा महिना होऊ दे. सवा महिना होत आला तशी आबाची बायको झुंबरबाई म्हणाली, आखाजीला तिला घरी आणा, माझ्या पदराखाली घेऊन मीच सांगेन. एकदा लपवलं की सांगायला मुहूर्तच सापडत नाही. आबानं मान डोलावली, कारण तेव्हा त्याला कोणी काहीही सांगितलं तरी तो मानच डोलवायचा.

दीपकचा फोन मात्र त्यानं कुणाला दिला नाही. रोज चार्ज करून तो खिशात ठेवायचा. आबाला लिहिता-वाचता येत नाही, पण पडद्यावरच्या त्रिकोणी खुणेवर बोट ठेवलं की आवाज येतो, एवढं त्याला कळलं होतं. मेघा भावाला बोलून निरोप पाठवायची आणि आबा दिवस कलताना बांधावर बसून ते ऐकायचा. "भाऊ, तुले भाची व्हयनी. कवय येसी देखाले?" मग थोड्या दिवसांनी, "आयकस नि बोलस नही. इतला मोठा व्हयी गया का रे?" आबाला त्या आवाजानं बरं वाटायचं. घरात पोरीचा आवाज, तोही आपल्या पोराशी बोलणारा. तेवढा वेळ दीपक सुरतला असायचा.

आता ऐकलेल्या निरोपाची खूण पलीकडच्या फोनवर निळी होते, हे आबाला कोण सांगणार? मेघाला एवढंच दिसत होतं, की भाऊ आपला शब्दन् शब्द ऐकतो आणि तोंड उघडत नाही. तिचे निरोप कडू होत गेले. शेवटचा निरोप चार शब्दांचा होता. "तुन्हं तोंड दखाडू नको." त्यानंतर फोन गप्पच झाला.

निघायच्या दिवशी दुसरीच अडचण उभी राहिली. मुराळी रिकाम्या हातानं जात नाही, सांजोऱ्या, म्हणजे गोड सांजा भरून तळलेल्या पुऱ्या, न्याव्या लागतात. आणि ज्या घरात माणूस गेलंय तिथं वर्षभर कढई चढत नाही. झुंबरबाईनं शेजारच्या बेबाबाईला सांगून सांजोऱ्या तळून घेतल्या, आपल्या फडक्यात बांधल्या आणि पुडकं आबाच्या हातात दिलं. "रस्तामा काही बोलू नका," ती म्हणाली. "तिले आठे लई या फक्त." पहूरला भूषणनं ओळखीच्याची गाडी ठरवली होती. मेघा नि लेकरू गाडीत, मुराळी मोटरसायकलवर पुढं, असं ठरलं होतं. आबा एसटीनं जाऊ शकला असता. पण एसटीत कोणी ना कोणी ओळखीचं भेटतं, शेजारी बसतं आणि हळहळतं. ती हळहळ आता त्याला झेपत नव्हती.

धुळ्यापर्यंत तो ट्रकांच्या कडेकडेनं गेला. पुढं पारोळा, एरंडोल, जळगाव असा सरळ हमरस्ता होता. त्यानं मोटरसायकल शिरूडच्या अंगाला वळवली. हा आतला रस्ता लांबचा, ऊन-वाऱ्याचा आणि वैशाखात दुपारचा तर पार ओसाड. तो का वळला, याचं कारण त्यालाही पक्कं ठाऊक होतं. हमरस्त्यानं लवकर पोचला असता.

दोन्ही बाजूंना उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग नि भेगाळलेली काळी रानं. मैलोगणती माणूस नाही. शेतापलीकडे मोटरसायकल न नेलेला हा माणूस हँडल घट्ट धरून चालला होता आणि मनाशी बोलणं घोकत होता. भाऊ का नाही आला? सुट्टी नाही मिळाली. फोन का उचलत नाही? कंपनीत फोन जमा करून घेतात. तुम्ही इतके वाळलात का, आबा? ऊन बाधलं. सगळ्या प्रश्नांना उत्तरं होती. कौतिक नानानं तयारी चांगली करून दिली होती. बहाळजवळ गिरणेच्या पुलावर तो थांबला. खाली कोरडी वाळू होती. इथून खाली गेलं तर कुणाला काही सांगायला नको, असं त्याच्या मनात स्वच्छ आलं. मग त्याला हँडलला लटकलेलं पुडकं दिसलं आणि झुंबरबाई आठवली. त्यानं पुन्हा किक मारली.

कजगावच्या अलीकडे लिंबाखाली एक पाण्याचा माठ ठेवलेला होता आणि शेजारी एक म्हातारी बसलेली होती. तिनं पेला भरून दिला, पुडक्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"मुळाले चालनात का, भाऊ?"

"हा."

"तुम्ही कसे? पोऱ्या नही शे का तुमले?"

इथं खोटं बोलायची काहीच गरज नव्हती. ही बाई ना मेघाला ओळखत होती ना मेघा तिला. "शे ना," आबा म्हणाला. "सुरतले शे. चांगलं काम लागनं त्याले." आणि मग त्याला थांबताच येईना. दीपकला पगार चांगला आहे, आता पोरगी बघायचीय, तो फार हट्टी आहे. म्हातारी कौतुकानं ऐकत राहिली. बोलून संपलं तेव्हा आबाला कळलं, की हे खोटं फक्त मेघासाठी नव्हतं. मेघाला सांगितलं की दीपक सगळीकडूनच मरणार होता.

पाचोरा गेलं, शेंदुर्णी गेलं, पहूर आलं. ऊन उतरणीला लागलं होतं. विहीणबाई सारिकाबाईंनी दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. त्या आबाच्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या. आतून मेघा लेकरू खांद्यावर घेऊन आली आणि आबाच्या मागं रस्त्यावर पाहिलं.

"भाऊ नही उना?"

"सुट्टी नही भेटनी त्याले."

"गाडी ते त्यानी शे."

"तो ठेई गया ना घर."

उत्तरं नीट येत होती. मेघा रागानं हसली आणि पुडकं सोडलं. माहेरच्या सांजोरीची वर्षभर वाट बघणारी पोर ती, उभ्या उभ्याच एक तोडून तिनं तोंडात टाकली. चावता चावता ती थांबली.

"ह्या कोना हातन्या शेतस, आबा?"

"तुन्ही मायन्या."

"माय गूळन्या करस. ह्या साखरन्या शेतस." तिनं घास गिळला नाही. "मायनी कढई चढाई नही?"

हा प्रश्न कुणी घोकून घेतलेला नव्हता. आबा उंबऱ्याकडे बघत राहिला. मेघानं सासूकडे पाहिलं. सारिकाबाई पुढं झाल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावरचं लेकरू काढून घेतलं. तेवढ्यानंच मेघाला सगळं कळलं.

"भाऊ?"

आबानं मान डोलावली.

"कवय?"

"होळीना पह्यले."

ती रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि मनाशी हिशेब लावत राहिली, होळी, बाळंतपण, सवा महिना. भूषण दारात येऊन उभा राहिला होता, त्याच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मंग मन्हं बोलनं कोन आयके?"

आबानं खिशातून फोन काढला. "मी," तो म्हणाला. "तुन्हा आवाज आयकाले भेटे, म्हणीसन."

"मी समजनू, तो आयकस नि मुद्दाम बोलस नही." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी त्याले काय काय बोलनू, आबा. माले वाटनं तो रागे भरी नि येई. तुम्ही बठ्ठं आयकं. एक शबद ते बोलाना व्हता."

आबाला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. त्याला तेही जमलं नाही. मेघानं हात पुढं केला आणि त्यानं फोन तिच्या हातात ठेवला. त्या फोनमध्ये त्याची दोन्ही लेकरं होती. आता संध्याकाळी बांधावर बसून ऐकायला त्याच्याकडे काही उरणार नव्हतं, हे त्याला हात रिकामा झाल्यावर समजलं.

"चाल, बेटा," तो कसाबसा म्हणाला. "माय वाट देखी राहिनी."

"नही."

"मुराळी एकलाच गया ते मायले काय सांगू मी?"

"काहीबी सांगा," मेघा म्हणाली. "तुमले जमस."

ती उठून आत गेली. कोणी आबाला थांब म्हणालं, कोणी चहा घ्या म्हणालं. तो बाहेर आला, मोटरसायकल वळवली आणि आला त्याच आतल्या रस्त्याला लागला. झुंबरबाई दुपारपासून दारात उभी असणार होती, आणि तिला काय सांगायचं ते आबा पुन्हा घोकायला लागला होता.