चार बोटं डावीकडे
फुगा फुटल्यावर रबराचा वास आला की गिरडची जत्रा आठवते. लेकीच्या नेमबाजी शिबिराच्या अर्जावर हे सही करत नव्हते. जत्रेत बंदुकीनं फुगे फोडायच्या दुकानापाशी हसून म्हणाले, "बायांले जमते का बंदूक? तू दहात सात फोड, करतो सही." पहिले तीन छर्रे चुकले, पण तिन्ही फुग्याच्या उजवीकडे चार बोटांवरच. म्हणजे बंदूकच वाकडी होती. लेक म्हणाली, "आई, अर्धा श्वास सोड, रोखून धर, मंग घोडा दाब." मी चार बोटं डावीकडे नेम धरला. दुकानदार ओरडला, "बाई, फुग्यावर धरा लागते!" "तुमची बंदूकच फुग्याकडं पाह्यत नाही, मंग मी काऊन पाहू?" उरलेले सातही फुटले. पर्समधला अर्ज मी तिथंच यांच्यापुढे धरला. आता लेकीची पदकं पाहुण्यांना हेच दाखवतात. सही कशी झाली, ते मी सांगते.