दुपारची भुलाबाई

भुलाबाईची गाणी दिवेलागण झाल्यावर म्हणायची असतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. त्या वर्षी मी ती भर दुपारी म्हणायला लावली. अमरावतीतल्या आमच्या गल्लीत मग नाकं मुरडली गेलीच. शेजारच्या काकू तर तोंडावर म्हणाल्या, "दुपारी कायची वो भुलाबाई? काही रीतभात हाय का नाई?"

"ते कोर्टाले इचारा, काकू," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. माझी जीभ तेव्हा अशीच तिखट झाली होती.

घटस्फोटानंतर माझी नऊ वर्षांची लेक अकोल्याला बापाकडे होती. मी नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात कामाला. मी रात्रपाळीला गेले की मुलीकडे बघणार कोण, कोर्टाच्या या एका प्रश्नावर मी हरले होते. तिकडे आजी होती, घरचा फुलांचा धंदा होता, माणसांनी भरलेलं घर होतं. माझ्या वाट्याला महिन्यातला एक रविवार आला, तोही संध्याकाळी सहापर्यंत. एकमेकांच्या दारात जायला नको म्हणून मुलीची देवघेव मूर्तिजापूरच्या बसस्टँडवर व्हायची. तिचा बाप तिला तिथे सोडायचा, मी घरी आणायचे, की लगेच परतीच्या गाडीची वेळ. हातात उरायची ती फक्त दुपार.

पुढे मी साहेबांच्या मागे लागून कायमची दिवसपाळी मिळवली आणि पुन्हा अर्ज केला. जज मॅडम म्हणाल्या, येत्या तारखेला मुलीला आत बोलावून एकटीलाच विचारू, तुला कुठे राहायचंय. त्या तारखेआधीचा हा शेवटचा रविवार होता. पोटच्या पोरीला मी मतदारासारखं पटवायला निघाले होते. लाज वाटत होती, तरी निघाले होते. कारण ती एकदा "बाबा" म्हणाली, की मग मला कुणी विचारणार नव्हतं.

भाजीवाल्या बाईकडून ज्वारीचे लांब धांडे आणून भुलाबाईचं मखर बांधलं. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. दिवा विझू नये म्हणून पंखा बंद ठेवला. चॉकलेटची लाच देऊन गल्लीतल्या पाच-सहा पोरी जमवल्या. त्या घामाघूम होऊन खिदळत होत्या. लेक मधोमध बसली आणि सगळ्यांच्या वरच्या आवाजात गायली. सासर-माहेरची ती जुनी गाणी, पण काही ओळी मला नवीनच होत्या. मी मध्येच माझ्या चालीवर म्हणायला लागले, तर ती थांबून म्हणाली, "आमच्याकडं असं नाई म्हणत, आई."

आमच्याकडं! मी टाळ्या वाजवत राहिले.

मग खिरापत ओळखायची वेळ आली. झाकलेला डबा कानाशी हलवून आत काय आहे ते सांगायचं, हाच पोरींचा सगळ्यात आवडता खेळ. मी पहाटे उठून कोथिंबीर भरलेली सांबारवडी केली होती. लहानपणी ती मागून मागून खायची. तिने डबा हलवला, हुंगला. लाडू म्हणाली, चकली म्हणाली, चिवडा, शंकरपाळे, सगळं झालं. शेवटी शेजारच्या चिमुरडीने ओळखलं. लेकीने तीन वड्या खाल्ल्या आणि पाणी पीत म्हणाली, "मस्त हाय. आजीची जरा जास्त तिखट असते." त्या म्हातारीचा मला इतका राग आला की भांडी घासताना एका पेल्याला पोचा पडला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. विचारू की नको, विचारू की नको, असं माझं चाललं होतं. वकिलांनी तर बजावलंच होतं, मुलीजवळ विषय काढू नका. तिनेच काढला.

"आई, जज मॅडम मले एकटीलेच इचारतीन ना?"

"हो."

"मी तुयं नाव सांगितलं त आजी रडन. ते आतापासूनच रडून राहिली. बाबा बी नीट जेवत नाई." थोडा वेळ ती बोटांशी खेळत बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् मी बाबाचं सांगितलं त तू रडशीन का?"

हो म्हणायचं होतं मला. रडेन, डोकं आपटेन, तुझ्यावाचून मी मरून जाईन, असं ओरडून सांगायचं होतं. पण एवढंसं तोंड करून ती उत्तराची वाट बघत होती. या पोरीच्या डोक्यावर आणखी एकीचं रडणं कसं ठेवू?

"नाई वो माय," मी म्हटलं. वर हसलेही. "मी काहून रडू?"

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. कितीतरी दिवसांनी तो तसा दिसला मला.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "मंग मी बाबाचंच सांगते. मंग कोणीच नाई रडणार."

आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती झोपली, थेट मूर्तिजापूर येईपर्यंत. मी तोंडात पदर कोंबून बसले. हुंदका आला असता तर मांडी हलली असती आणि ती जागी झाली असती.