खट्टू नव्हे, मन मोडलेलं

"अगं ये की गं, माझं मढं बघायचं हाय व्हय तुला," काका भर रस्त्यात म्हशीवर ओरडत होते. आवाज असा, की तिकडं लांब जयसिंगपूरच्या स्टँडवरही लोकांनी कानांत बोटं घातली असतील.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, पाठीचे केस कातरून नक्षी काढायची, आणि पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फटफटवत न्यायची. म्हैस दाव्याविना मालकामागं धावते. काकांनी वर्षभर तिला त्या आवाजावर तयार केलेली. आणि आदल्याच दिवशी, पाडव्याला जावई येणार, बरं दिसावं, म्हणून स्वतःच जाऊन नवा सायलेन्सर बसवून आणला. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. म्हशीनं काही ती ओळखली नाही. रस्त्यात परातीएवढा शेणाचा पो टाकला आणि दुसऱ्याच गवळ्याच्या फटफटीमागं शेपूट उडवत गेली. चारशे माणसांनी पाहिलं. मी चार हजार सांगतो.

दुपारी ती आपली आपण परत आली. काकांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "उद्या विकतो," म्हणाले, आणि गोठ्याच्या दारात बसून राहिले.

मग समाचाराला माणसं आली. प्रत्येकाच्या तोंडात आमचाच लाडू आणि एकच शब्द. "काका खट्टू झालं व्हय?" एकाच्या मिशीला बेसन, दुसऱ्यानं तुपाचा हात काकांच्याच पाठीवर फिरवला. मला शिसारी आली.

खट्टू होतं ते फुगा फुटलेलं पोरगं. हातावर चिक्की ठेवली की विसरतं. लग्नात टॉवेल-टोपी न मिळालेला पावणा हिरमुसतो, पण दोनदा जेवून जातो. नाउमेद होतो तो निवडणुकीत पडलेला, तेही पुढच्या निवडणुकीपर्यंत. काकांचं मन मोडलं होतं. त्यांनी उसासा टाकला तर गोठ्याची चार कौलं सरकली, मी मोजली. आणि अशा माणसाला हे लोक तो गुळमट, चिकट शब्द चोपडत होते, वर चहाला साखर कमी म्हणत होते.

धारेची वेळ झाली तशी ती मंडळी एकदाची उठली. काका बादली घेऊन आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले, बादली कोरडीच.

मी विचारलं, "काका, मग उद्या कुठल्या बाजारात न्यायची तिला?"

"पान्हा चोरलाय तिनं," काका म्हणाले. "मान खाली घालून उभी हाय. अशीला कशी विकू."