रेघ फाकेपर्यंत

ऑपरेशन थिएटरला लागून एक चिंचोळी खोली होती. टेबल, स्टूल आणि मशीन एवढंच मावायचं. माणसाला अंग चोरूनच आत शिरावं लागे. रेघवाले काका तिथं अठरा वर्षं बसत होते. लिव्हर बदलायचं ऑपरेशन चालू असलं की दर थोड्या वेळानं रोग्याच्या रक्ताची कुपी त्यांच्याकडे यायची. त्यातले काही थेंब ते मशीनच्या इवल्याशा पेल्यात सोडायचे आणि पडद्याकडे बघत राहायचे. रक्त पातळ असेतोवर पडद्यावर एकच सरळ रेघ धावते. गुठळी धरू लागली की रेघ फाकते, एकीच्या दोन होतात. किती वेळानं फाकली, किती फाकली, यावरून भूल देणाऱ्या डॉक्टरबाई रोग्याला काय चढवायचं ते ठरवायच्या.

थिएटरमध्ये सगळे त्यांना रेघवाले म्हणत. घरी मात्र पन्नाशी उलटूनही ते बाळ्याच राहिले होते, कारण आक्का अजून तशीच हाक मारायची. आई गेली तेव्हा आक्का सोळाची आणि हे सहाचे. शाळांचे गणवेश शिवून तिनं भावाला शिकवलं, मार्गी लावलं, आणि मगच स्वतःचं लग्न केलं. जुन्या काविळीनं तिचं लिव्हर पार कामातून गेलं. आठ महिने नाव यादीत पडून होतं आणि एका सकाळी फोन आला की लिव्हर मिळालंय, लगेच या.

मशीन चालवणारे दोघंच, त्यातला दुसरा तापानं फणफणलेला. तरी डॉक्टरबाई काकांना म्हणाल्या की आज तुम्ही बाहेर बसा, कसंतरी निभावून नेऊ. बाहेर बसून मी काय करणार, असं काकांनी विचारलं. बाईंनी मग त्यांच्यासाठी चिंचोळ्या खोलीचं दार उघडून धरलं.

स्ट्रेचरवरून आत जाताना आक्कानं त्यांचा हात धरला.

"बाळ्या, मशीनला सांगून ठेव, माझं रक्त तिरसट आहे. फार नादी लागू नकोस म्हणावं."

दहा वाजता पहिली कुपी आली. रेघ उशिरा फाकली, पण फाकली. अकराला आणखी उशिरा. साडेबाराला जुनं लिव्हर निघालं. नवं जोडून होईपर्यंत रक्त गोठवणारी द्रव्यं तयारच होत नाहीत, हे काकांना तोंडपाठ होतं. त्या वेळची रेघ धावतच राहिली. आठ मिनिटं, बारा, पंधरा. मशीनला घाई करता येत नाही. इतक्या वर्षांत कितीतरी अनोळखी माणसांसाठी त्यांनी अशी वाट पाहिली होती. मधे चहासुद्धा प्यायले होते. आज त्यांनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

नवं लिव्हर जोडून रक्त आत सोडलं, तेव्हाची रेघ फाकली आणि थोड्याच वेळात पुन्हा मिटत गेली. धरलेली गुठळी विरघळत होती. काकांनी दार ढकललं आणि रोजच्याच आवाजात सांगितलं, "बाई, विरघळतंय." बाईंनी औषध दिलं. पलीकडे टेबलाशी सर्जनचे हात कोपरापर्यंत लाल होते. काकांनी तिकडे बघायचं टाळलं.

पुढच्या चार कुप्यांपर्यंत त्यांनी मनातल्या मनात एकच धोशा लावला होता, धर, गुठळी धर. शेवटी साडेचारला रेघ वेळेवर आणि ऐसपैस फाकली. बाहेर आक्काची मुलगी सकाळपासून एकाच बाकावर बसून होती. रक्त थांबलंय, एवढंच काकांनी तिला सांगितलं. ती रडली.

तीन दिवस आक्का बरी होती. पाणी मागितलं, मुलीला वेणी नीट घाल म्हणाली. चौथ्या दिवशी ताप चढला. तपासणीत दिसलं की नव्या लिव्हरला रक्त नेणाऱ्या धमनीत गुठळी अडकली होती. पुन्हा पोट उघडून ती काढली, पण लिव्हर तोवर काळं पडलं होतं. दुसरं मिळेपर्यंत ती थांबली नाही. सातव्या दिवशी दुपारी गेली.

काकांनी त्या दिवशीच्या सगळ्या रेघा कागदावर काढून डॉक्टरबाईंसमोर ठेवल्या. कुठं आपलं वाचायला चुकलं का, रक्त गोठवणारं जास्त चढवलं गेलं का, ते विचारलं. बाईंनी एकेक कागद सावकाश पाहिला.

"काही चुकलेलं नाही. तुमचंही नाही, आमचंही. असं होतं कधीकधी."

काकांनी कागद गोळा केले. चूक सापडली असती तर निदान धरायला काहीतरी मिळालं असतं.

तेराव्या दिवशी आक्काच्या घरी भाचीनं त्यांना शिवणयंत्राजवळच्या खुर्चीवर बसवलं.

"मामा, तुम्हाला रक्तातलं कळतं ना? मग हे झालं कसं?"

"आधी गोठत नव्हतं," काका म्हणाले, "मग गोठलं."

ती पुढचं ऐकायला थांबली होती.