ताटातल्या तांदळावरचं नाव

दोन जुने फोटो पडद्यावर शेजारी शेजारी उघडले आणि माझा माऊसवरचा हात थांबला. दोघींच्या हनुवटीवर अगदी एकाच जागी तीळ होता. आम्ही हौशी मंडळी मिळून जो ऑनलाइन विश्वकोश लिहितो, त्यात या दोन लेखिकांची दोन वेगळी पानं आहेत. कुसुमच्या पानावर लिहिलंय, ‘पुढील आयुष्याची माहिती नाही.’ वैजयंतीबाईंच्या पानावर, ‘बालपणाची माहिती नाही.’

वैजयंतीबाईंचा नंबर मिळवून फोन केला आणि कुसुमबद्दल विचारलं.

“अगं, दोघी मीच,” त्या हसल्या. “लग्नात आमच्या ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं.”

“पण आमच्याकडे पुरावा लागतो, आजी.”

“तो तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवला की!”

मला हसू आलं आणि रागही आला. कुणाचा, ते कळेना. अशा किती बायका दोन पानांवर अर्ध्या अर्ध्या पडून असतील!

पुढे एका जुन्या दिवाळी अंकातल्या परिचयात त्यांची दोन्ही नावं एकत्र सापडली. पुन्हा फोन केला.

“आजी, आता पान एकच होईल. वर कोणतं नाव ठेवू?”



“तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं गं,” त्या म्हणाल्या.