खुर्चीला लावलेलं कुंकू

वाळूजच्या कारखान्यात मी व्यवस्थापक होतो तेव्हाची ही माझी फजिती. मंदीत निम्म्या ऑर्डरी गेल्या आणि आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. कोणाला कामावरून कमी करायचं, याची यादी वरच्यांनी माझ्याकडून मागवली. मी ती लिहायला बसलो नेमका खंडेनवमीला, कामगार आपापल्या यंत्रांची पूजा करतात त्या दिवशी. असले मुहूर्त मला बरोबर सापडतात.

दार ढकलून एक कामगार आत आला. पन्नाशीचा, धुऊनही तळहात काळेच राहिलेला. तो रोज गेटवर मला नमस्कार करायचा आणि मी मान हलवायचो, एवढीच आमची ओळख. मला वाटलं, बातमी फुटली. मी घाईघाईनं सुरू केलं, "हे बघा, बाजारच पडलाय, निर्णय वरून आलाय, माझ्या हातात काही नाही..."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या हातातली कुंकवाची वाटी आणि झेंडूची फुलं मला तेव्हा कुठं दिसली.

"व्हय, साहेब," तो म्हणाला, "पण जरा उठता का? तुमच्या खुर्चीला कुंकू लावायचं राहिलंय. तिचं बी आता काय खरं नाय."

मी उठलो. त्यानं खुर्चीच्या पाठीला बोटानं कुंकू लावलं, बैठकीवर फूल ठेवलं आणि यंत्राला जोडावेत तसे हात जोडले.

त्याचं नाव विचारावंसं फार वाटलं. पण ते यादीत निघालं असतं, तर मला त्या खुर्चीत परत बसता आलं नसतं. म्हणून विचारलं नाही. तो गेल्यावर फूल बाजूला सरकवलं आणि बसलो.